स्वतंत्र बॉटलरची सिंगल मॉल्ट स्कॉच कशी चाखावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वतंत्र बॉटलरच्या बाटलीत बहुतेक वेळा एकाच पिंपातली व्हिस्की असते आणि अनेकदा ती पाणी न घालता भरलेली असते. डिस्टिलरीची नेहमीची बाटली शेकडो पिंपं एकत्र करून, दर वर्षी चव सारखी राहील अशी बेतलेली असते. इथे तसं कुणी बेतलेलं नसतं. म्हणून ती चाखण्याची रीतही थोडी वेगळी आहे: वेळ जास्त द्यायचा, पाणी मोजून घालायचं आणि चव लाकडाची की मूळ स्पिरिटची (पिंपात जाण्याआधीच्या ताज्या दारूची), हे सतत विचारत राहायचं.

स्वतंत्र बॉटलर म्हणजे नेमकं कोण?

डिस्टिलरीची व्हिस्की पिंपाने विकत घेऊन ती स्वतःच्या नावाखाली बाटलीत भरणारा व्यापारी. १८४२ साली ॲबर्डीनमध्ये सुरू झालेली आणि आता कॅम्पबेलटाउनला असलेली केडनहेड्स, एल्गिनची गॉर्डन अँड मॅकफेल (१८९५), ग्लासगोची डग्लस लेंग (१९४८), सिग्नेटरी व्हिंटेज (१९८८) ही त्यातली ठळक नावं. एडिंबरामध्ये १९८३ साली स्थापन झालेली स्कॉच मॉल्ट व्हिस्की सोसायटीही याच जातीची, फक्त ती सभासदांसाठी भरते.

पिंपं मिळतात ती दलालांकडून, डिस्टिलऱ्यांशी केलेल्या करारातून, किंवा बॉटलर आपलं रिकामं पिंप डिस्टिलरीत पाठवून त्यात ताजं स्पिरिट भरून घेतो. गॉर्डन अँड मॅकफेलचा हा शेवटचा मार्ग प्रसिद्ध होता. मात्र इतर डिस्टिलऱ्यांचं नवं स्पिरिट २०२४ पासून भरणार नाही, असं त्यांनी २०२३ साली जाहीर केलं. जुना साठा गोदामात आहेच.

डिस्टिलरीची स्वतःची बाटली असताना ही का घ्यावी?

दोन कारणं खरी आहेत. पहिलं: स्कॉटलंडमधल्या कितीतरी डिस्टिलऱ्या मुख्यतः ब्लेंडसाठी, म्हणजे अनेक डिस्टिलऱ्यांचा माल मिसळून केलेल्या व्हिस्कीसाठी, माल काढतात. लिंकवुड, बेनरिनेस, मॅनॉकमोर, टिनिनिक, ग्लेनबर्गी यांच्या मालकांनी भरलेल्या बाटल्या मोजक्याच मिळतात. त्यांची ओळख होते ती स्वतंत्र बॉटलरांमुळेच. दुसरं: बंद पडलेल्या डिस्टिलऱ्यांचा माल. सेंट मॅग्डलीन १९८३ साली बंद झाली, लिटलमिल १९९४ मध्ये, केपरडॉनिक २००२ मध्ये. त्यांची चव आज जेवढी लोकांच्या तोंडी आहे त्यात या व्यापाऱ्यांचा वाटा फार मोठा आहे.

‘दुर्मीळ म्हणजे चांगली’ हे मात्र कारण नव्हे. एका पिंपातून काहीशे बाटल्याच निघतात, त्यामुळे अशी प्रत्येक बाटली दुर्मीळच असते. सुमार पिंपही तितकंच दुर्मीळ असतं.

लेबलवर काय वाचायचं?

चाखण्याआधी लेबलवरच्या पाच गोष्टी वहीत उतरवून घ्या: डिस्टिलरी, ऊर्ध्वपातनाचं आणि बाटलीत भरण्याचं साल, पिंपाचा प्रकार, अल्कोहोलचं प्रमाण, बाटल्यांची संख्या.

वय म्हणजे लाकडात घालवलेली पूर्ण वर्षं. बाटलीत व्हिस्कीचं वय वाढत नाही. १९९७ साली काढलेली आणि २००९ साली भरलेली व्हिस्की आज उघडली तरी ती बारा वर्षांचीच (किंवा दिवस-महिना पुरा झाला नसेल तर अकरा).

अल्कोहोलचं प्रमाण बरंच काही सांगून जातं. पिंपात भरताना स्पिरिट बहुधा ६३.५ टक्क्यांवर आणलेलं असतं. स्कॉटलंडच्या थंड, दमट गोदामांत पाण्यापेक्षा अल्कोहोल जास्त वेगाने उडतं, त्यामुळे प्रमाण हळूहळू उतरतं, वर्षाला साधारण अर्धा टक्का किंवा त्याहून कमी. दहा-बारा वर्षांची व्हिस्की ५६ ते ६० टक्क्यांवर असणं स्वाभाविक, पंचविशीतली ५० च्या आसपास. नेमका ४६ किंवा ४३ असा आकडा दिसला तर पाणी घालून तिथे आणली असं समजा, आणि स्वतः पाणी घालताना तेवढं कमी घाला. स्कॉचला कायद्याने किमान ४० टक्के लागतात. म्हणून फार जुन्या पिंपांवर बॉटलरला नजर ठेवावी लागते. आकडा ४० खाली गेला की ते स्कॉच म्हणून विकता येत नाही.

‘फर्स्ट फिल’ म्हणजे बर्बन (अमेरिकी व्हिस्की) किंवा शेरी (स्पॅनिश वाइन) यांच्यानंतर त्या पिंपात पहिल्यांदाच स्कॉच भरली. ‘रिफिल’ म्हणजे त्यात आधी स्कॉच मुरून गेलेली आहे. चव लाकडाकडे झुकणार की स्पिरिटकडे, याचा पहिला अंदाज इथेच येतो.

‘सिंगल कास्क’ (एकच पिंप) लिहिलंय. ते खरं आहे का, हे कसं पडताळायचं?

‘सिंगल मॉल्ट’ला २००९ च्या स्कॉच व्हिस्की नियमावलीत काटेकोर व्याख्या आहे: एकच डिस्टिलरी, फक्त मॉल्ट केलेलं (मोड आणून वाळवलेलं) बार्ली आणि पाणी, पॉट स्टिलमध्ये (तांब्याच्या भांड्यात) ऊर्ध्वपातन, ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपांत स्कॉटलंडमध्येच किमान तीन वर्षं. ‘सिंगल कास्क’ला तशी व्याख्या नाही. त्यामुळे थोडं गणित करावं.

बर्बनचं बॅरल साधारण २०० लिटरचं, हॉग्जहेड २५० चं, शेरी बट ५०० चं. दर वर्षी सुमारे दोन टक्के उडून जातात. यालाच ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. या हिशोबाने हॉग्जहेडमध्ये बारा वर्षांनी १९६ लिटरच्या आसपास उरतात, म्हणजे ७०० मिलीच्या २८० बाटल्या. पंचवीस वर्षांनी १५० लिटर, म्हणजे २१५ बाटल्या. बटमधून बारा वर्षांनी ५६० च्या आसपास. गळती, गोदाम, पिंपाची घडण यांमुळे आकडा बराच खालीवर होतो. पण वीस वर्षांच्या ‘एका हॉग्जहेड’मधून सहाशे बाटल्या निघाल्याचं लिहिलं असेल, तर ते एक पिंप नव्हे. उलट संख्या फारच कमी, साठ-सत्तर, असेल तर पिंप दोन व्यापाऱ्यांनी वाटून घेतलेलं असू शकतं. त्यात गैर काही नाही.

डिस्टिलरीचं नावच छापलेलं नाही. माल संशयास्पद आहे का?

नाही. पुष्कळ डिस्टिलऱ्या पिंपं विकतात, पण आपलं नाव दुसऱ्याच्या लेबलवर येऊ देत नाहीत. मग ‘सीक्रेट स्पेसाइड’, ‘ऑर्कनी’ अशी नावं दिसतात. काही नावं व्यवहारातून रुळली आहेत: स्टाओशा म्हणजे बुनाहावनचा धुरकट (पीटच्या धुरावर वाळवलेल्या मॉल्टचा) माल, लेडेग म्हणजे टोबरमोरीचा, क्रॉफ्टेंगी म्हणजे लॉक लोमंडचा. स्कॉच मॉल्ट व्हिस्की सोसायटी आकडे वापरते. ५३ म्हणजे कूल इला, २९ म्हणजे लाफ्रॉइग, ३३ म्हणजे आर्डबेग, आणि बिंदूनंतरचा आकडा म्हणजे त्या डिस्टिलरीचं कितवं पिंप ते.

आणखी एक प्रकार ‘चमचाभर’ मॉल्टचा. एका डिस्टिलरीच्या पिंपात दुसरीचा अगदी थोडा माल घालतात, म्हणजे कायद्याने ते ‘ब्लेंडेड मॉल्ट’ ठरतं आणि मूळ नाव वापरताच येत नाही. वेस्टपोर्ट (ग्लेनमोरँजी), वॉर्डहेड (ग्लेनफिडिक), बर्नसाइड (बॅलवेनी) ही त्याची उदाहरणं. चवीला ती मूळ डिस्टिलरीचीच असतात. ब्लेंडेड मॉल्ट हा शब्द पाहून नाक मुरडू नका.

गडद रंग म्हणजे जुनी आणि चांगली?

दोन्ही नाही. स्कॉचमध्ये रंगासाठी साधं कॅरमेल घालायला कायद्याची मुभा आहे. स्वतंत्र बॉटलर सहसा ते टाळतात आणि लेबलवर तसं लिहितात. तेव्हा रंग पिंपाचाच असतो, पण तो पिंपाच्या जोमाबद्दल सांगतो, वयाबद्दल नाही. फर्स्ट फिल शेरी बटमधली आठ वर्षांची व्हिस्की चहासारखी काळपट असू शकते, आणि थकलेल्या रिफिल हॉग्जहेडमधली तीस वर्षांची फिक्या गवती रंगाची. त्या फिक्या व्हिस्कीत डिस्टिलरी जास्त स्पष्ट बोलते. शिकायचं असेल तर आधी तिच्यापाशी बसा.

पेला कोणता? किती ओतायची?

खाली फुगीर आणि तोंडाशी निमुळता. ग्लेनकेर्न किंवा देठाचा कोपिता, दोन्ही चालतात. रुंद तोंडाचा जाड टंबलर चाखण्याच्या कामाचा नाही. वास गोळाच होत नाही. पेला धुऊन उलटा कपाटात ठेवलेला असेल तर आधी रिकामा हुंगून बघा. कपाटाचा, फडक्याचा, साबणाचा वास रिकाम्या पेल्यात असतो आणि मग तो ‘व्हिस्कीतला साबण’ म्हणून वहीत जातो. गरम पाण्याने विसळून, हवेवर वाळवून घ्या.

एका वेळी १५ मिली पुरे. २० चालेल. पाणी घालायला जागा उरली पाहिजे आणि डोकं शेवटपर्यंत ताळ्यावर राहिलं पाहिजे. ओतल्यावर पेल्यावर काचेची चकती किंवा छोटी बशी झाका आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. मधून एकदा झाकण काढून वरचा भपकारा जाऊ द्या. ‘वयाच्या प्रत्येक वर्षामागे एक मिनिट’ असा प्रघात सांगतात, पण तो शब्दशः पाळायची गरज नाही. बाटली नुकतीच उघडली असेल आणि व्हिस्की मिटलेली वाटली, तर तिला अर्धा तासही लागू शकतो.

वास घेतला की नाक झणझणतं, बाकी काहीच कळत नाही. काय चुकतं?

बहुधा नाक फार लवकर आणि फार खोल जातं. ५८ टक्क्यांच्या व्हिस्कीवर अल्कोहोलचा थर असतो. तो एकदा जोरात ओढला की नाकाला बधिरपणा येतो आणि पुढची पाच मिनिटं वाया जातात. वाइनसारखा पेला गरगर फिरवू नका. त्याने भपकारा वाढतो.

पेला हनुवटीपाशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवा, नेहमीसारखा श्वास घ्या. मग हळूहळू वर आणा. तोंड उघडं असलं की अल्कोहोलचा काही भाग तोंडावाटे निघून जातो आणि चरचर कमी होते. पेला थोडा तिरका धरून वरच्या कडेपाशी एकदा आणि खालच्या कडेपाशी एकदा हुंगा. खालच्या बाजूला जड वास असतात, वर हलके. दोन्ही नाकपुड्या आळीपाळीने वापरा. एकीत वारा नेहमीच जास्त वाहतो. तीन-चार छोट्या हुंग्यांनंतर पेला बाजूला ठेवा आणि स्वतःच्या मनगटाचा किंवा बाहीचा वास घ्या. ओळखीच्या वासाने नाक पुन्हा जाग्यावर येतं.

पहिल्या फेरीत नावं शोधू नका. गोड की कोरडं, हलकं की जड, ताजं की मुरलेलं, एवढंच ठरवा. नावं दुसऱ्या फेरीत आपोआप येतात.

पहिला घोट कसा घ्यायचा?

पाणी न घालता, पण अगदी लहान, दोन-तीन मिलीच. त्याआधी एक थेंबभर जिभेवर फिरवून गिळून टाका आणि मिनिटभर थांबा. तोंडाला अल्कोहोलची सवय होण्यासाठीच हा थेंब. त्याच्यावरून मत बनवू नका.

नंतरचा घोट जिभेच्या मधोमध ठेवून दहा-पंधरा सेकंद हळू फिरवा, लाळ मिसळू द्या. लाळेने प्रमाण खाली येतं आणि चव उघडते. इथे पाहायचं ते पोत: पातळ, तेलकट, मेणचट, पिठूळ? गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास बाहेर सोडा. मागून वर येणारा वास हाच शेवटच्या चवीचा मोठा भाग असतो. किती वेळ टिकते ते घड्याळ लावून मोजायला हरकत नाही. मात्र जे टिकतंय ते हवंहवंसं आहे का, हे जास्त महत्त्वाचं. कडू लाकडही फार वेळ टिकतं.

पाणी घालावं का? किती?

घालावं, पण बाटलीवरच्या आकड्यावरून मोजून, आणि आधी बिनपाण्याची नोंद करून.

सूत्र सोपं आहे. मूळ टक्क्यांना हव्या असलेल्या टक्क्यांनी भागा, त्यातून एक वजा करा, उरलेल्याला व्हिस्कीच्या मिलीने गुणा. ५८ टक्क्यांची १५ मिली व्हिस्की ५० वर आणायला २.४ मिली पाणी लागतं, ४६ वर आणायला ३.९, ४० वर आणायला ६.७५. औषधाची पाच मिलीची सिरिंज घेतली तर हे काटेकोर करता येतं. ड्रॉपर असेल तर साधारण वीस थेंब म्हणजे एक मिली. ‘दोन थेंब घाला’ हा सल्ला म्हणूनच फार उपयोगी नाही. १५ मिलीत दोन थेंबांनी प्रमाण अर्ध्या टक्क्यानेही उतरत नाही.

पायऱ्या अशा ठेवा: आधी ५०, मग ४६, आणि हवं असेल तर ४३. प्रत्येक पायरीनंतर हलकेच फिरवून दोन-तीन मिनिटं थांबा. पाणी आणि अल्कोहोल मिसळताना किंचित उष्णता निघते, वास एकदम उसळतो आणि मग बसतो. त्या उसळीवर मत बनवलं तर पुढच्या घोटाला निराशा होते.

पाण्याने चव बदलते ती केवळ अल्कोहोलची धग उतरते म्हणून नव्हे. स्वीडनच्या लिनेअस विद्यापीठातल्या ब्यॉर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी २०१७ साली संगणकीय प्रतिरूपांतून दाखवलं, की धुरकट वासाचं ग्वायकॉल हे द्रव्य ४५ टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणात पृष्ठभागापाशी राहतं आणि ५९ टक्क्यांच्या वर अल्कोहोलच्या रेणूंनी वेढलं जाऊन आत ओढलं जातं. म्हणजे कास्क स्ट्रेंथच्या (पाणी न घालता भरलेल्या) व्हिस्कीत काही वास अक्षरशः आत अडकलेले असतात. दुसऱ्या बाजूने मर्यादाही आहे. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातल्या २०२३ च्या अभ्यासात असं दिसलं, की मिश्रणातलं पाणी २० टक्क्यांच्या पुढे गेलं की एकाच प्रकारच्या व्हिस्क्या एकमेकींसारख्या वाटू लागतात. १५ मिली व्हिस्कीत ही मर्यादा पावणेचार मिलीला येते, म्हणजे ५८ वरून ४६ च्या आसपास. पायऱ्या तिथपर्यंत नेऊन थांबणं त्यामुळे शहाणपणाचं.

व्यावसायिक ब्लेंडर २० टक्क्यांपर्यंत खाली आणून हुंगतात, हे खरं. पण ते दोष शोधण्यासाठी, आस्वादासाठी नाही. एखाद्या पिंपाचा संशय आला तर थोडी व्हिस्की वेगळ्या पेल्यात घेऊन तसं जरूर करा.

पाणी खोलीच्याच तापमानाचं, कमी क्षारांचं, बिनवासाचं हवं. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनचा वास धुरकट मॉल्टमधल्या औषधी वासात मिसळला की कोणता कशाचा हे सांगता येत नाही.

पाणी घातल्यावर व्हिस्की धुकट झाली. खराब आहे का?

उलट, तिच्यातलं काही गाळून टाकलेलं नाही याची ती खूण आहे. लांब साखळीच्या फॅटी ॲसिडांचे एस्टर जास्त अल्कोहोलमध्ये विरघळलेले राहतात. प्रमाण ४६ च्या खाली गेलं किंवा थंडी लागली की ते गढूळपणा धरतात. मोठे उत्पादक व्हिस्की शून्याच्या आसपास थंड करून ते गाळतात. स्वतंत्र बॉटलर सहसा गाळत नाहीत. बाटलीच्या तळाशी काळे बारीक कण दिसले तर ते पिंपाच्या जळक्या आतल्या थराचे. चहाच्या गाळणीतून ओता.

बर्फ?

चाखताना नाही. थंडीने वास मिटतो आणि वितळणारं पाणी मोजता येत नाही.

लाकडाची चव आणि डिस्टिलरीची चव वेगळी कशी ओळखायची?

एका पिंपाच्या व्हिस्कीत सगळ्यात रस घेण्यासारखी गोष्ट हीच.

लाकडाकडून येतं ते असं: अमेरिकी ओकमधून व्हॅनिला, नारळ, मऊ गोडवा. युरोपीय ओकमधून लवंग, तुरटपणा, गडद रंग. शेरीने मुरवलेल्या पिंपातून मनुका, अंजीर, आक्रोड. पोर्ट किंवा वाइनच्या पिंपातून लाल फळं आणि कधीकधी नको इतका आंबटपणा. स्पिरिटकडून येतं ते वेगळं: किण्वनात तयार झालेली पेअर, सफरचंद, केळं अशी फळं, धान्याचा, बिस्किटाचा वास, गवत, मेण, मांसल जडपणा, आणि धूर.

काही डिस्टिलऱ्यांची खूण पिंप बदललं तरी टिकते. क्लाइनलिशचा मेणचट पोत. तो त्यांच्या मधल्या टाक्यांत साचणाऱ्या थरातून येतो असं मानतात. मॉर्टलाक, बेनरिनेस आणि क्रेगेलाकी यांचा मांसल, किंचित गंधकी जडपणा: तिथे वाफ थंड करायला वर्म टब वापरतात, म्हणजे पाण्याच्या हौदातली वेटोळी नळी. त्यात वाफेचा तांब्याशी संपर्क कमी येतो, आणि गंधकाची द्रव्यं काढून टाकतं ते तांबंच. लिंकवुड फुलांकडे झुकतो, टिनिनिक हिरव्या गवताकडे.

सराव करायचा तर एकाच डिस्टिलरीच्या, जवळपास एकाच वयाच्या दोन बाटल्यांचे नमुने घ्या: एक रिफिल हॉग्जहेड, दुसरी फर्स्ट फिल शेरी. दोन्ही पाण्याने ४८ टक्क्यांवर आणा, म्हणजे तुलना न्याय्य होईल. दोन्हींत जे सापडेल ते बहुधा डिस्टिलरीचं, एकीतच सापडेल ते पिंपाचं. कूल इला यासाठी उत्तम, कारण तिची पिंपं स्वतंत्र बॉटलरांकडे भरपूर असतात आणि तिची खारट, राखेची खूण लवकर ओळखू येते.

शेरीत स्पिरिट पार बुडून गेलेलं असेल तर ती वाईट व्हिस्की ठरत नाही. पण मग ती कोणत्या डिस्टिलरीची, याला फारसा अर्थ उरत नाही, आणि नावासाठी जास्त मोजण्याचं कारणही उरत नाही.

लेबलवर पीपीएम (दशलक्षातले भाग) ५० आहे, तरी धूर कमी का वाटतो?

तो आकडा बहुधा मॉल्टमधल्या फेनॉलचा (धुराच्या द्रव्यांचा) असतो, बाटलीतल्या व्हिस्कीचा नाही. मॅशिंग, किण्वन आणि ऊर्ध्वपातन यांत बराच भाग गळतो. स्टिलमधून येणारा माल पिंपासाठी घेणं कधी थांबवलं (यालाच ‘कट’ म्हणतात) यावरही अवलंबून आहे: धुराची जड द्रव्यं शेवटी येतात, त्यामुळे कट लवकर घेतला तर धूर कमी. पुढे पिंपात वर्षागणिक तो आणखी मऊ होतो. आयला या स्कॉटिश बेटावरच्या तिशीतल्या मॉल्टमध्ये धुरापेक्षा फळं पुढे असणं अगदी सामान्य आहे.

कोणते वास दोषाचे समजायचे?

मराठीत यासाठी नेमके शब्द आहेत, ते वापरा: कुबट, खवट, करपट, आंबूस, तुरट.

कुबट, ओल्या पुठ्ठ्यासारखा वास बुचातल्या ट्रायक्लोरोॲनिसोलचा. तो वेळ देऊन जात नाही. पाणी घातल्यावर उलट ठळक होतो. एका बाटलीचा हा दोष असतो, सगळ्या पिंपाचा नव्हे, तेव्हा बाटली विक्रेत्याला दाखवा.

जळलेली काडी, रबर, फोडलेले फटाके: गंधक. शेरीच्या पिंपांत ते निर्जंतुक ठेवण्यासाठी जाळलेल्या गंधकातून येतं, किंवा स्पिरिटमधूनच. माणसामाणसांत याची जाण फार वेगळी असते. कुणाला ते मांसल खोली वाटते, कुणाला सहन होत नाही. वीस मिनिटं हवेवर ठेवून पुन्हा पाहा, पुष्कळदा उतरतं.

खवट, ओकारीसारखा आंबूस वास ब्युटिरिक आम्लाचा, आणि तो दोषच. नखपॉलिश किंवा सॉल्व्हंटसारखा वास कोवळ्या व्हिस्कीत असतो आणि थोडा सहन करण्यासारखा असतो. जीभ कोरडी पाडणारा कडू तुरटपणा म्हणजे लाकूड जास्त मुरलं. जुन्या आणि फार जोरकस पिंपांत हा धोका असतोच. पाणी घातल्यावर हा कडूपणा जास्त उघडा पडतो, म्हणून अशा व्हिस्कीला पाणी जपून.

एका बैठकीत किती आणि कोणत्या क्रमाने?

चार पुरेत, पाचवी शेवटी हवीच असेल तर. धूर नसलेल्या आधी, धुरकट शेवटी. रिफिल आधी, शेरी नंतर. कमी टक्क्यांच्या आधी हा नियम दुय्यम. ६० टक्क्यांची कोवळी फिकट व्हिस्की ५० टक्क्यांच्या गडद शेरीच्या आधी घेतलेली बरी. दोन्हींच्या मध्ये साधं पाणी आणि बिनमिठाचा पाव. कॉफी, मसालेदार खाणं, अत्तर हे तासभर आधीपासून दूर.

हिशोबही लक्षात असू द्या. ब्रिटनमध्ये एक युनिट म्हणजे १० मिली शुद्ध अल्कोहोल. ५८ टक्क्यांच्या १५ मिलीच्या चार मात्रा म्हणजे जवळजवळ साडेतीन युनिट, आणि तिथला आरोग्यसल्ला आठवड्याला १४ च्या पुढे जाऊ नये असा आहे. थुंकायला भांडं ठेवा. गिळल्याशिवाय शेवटची चव पूर्ण कळत नाही हे खरं, पण दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला ते चालतं. स्कॉटलंडमध्ये गाडी चालवणाऱ्यासाठी मर्यादा डिसेंबर २०१४ पासून १०० मिली रक्तात ५० मिलीग्रॅम, म्हणजे इंग्लंडमधल्या ८० पेक्षा कडक. डिस्टिलऱ्या फिरायला जाणाऱ्यांना तिथे चालकासाठी वेगळी छोटी बाटली भरून मिळते, ती मागून घ्या.

नोंद कशी ठेवावी?

वास, चव, शेवट या तीन रकान्यांपेक्षा दोन पायऱ्या ठेवा: बिनपाण्याची आणि ठरावीक टक्क्यांवरची. पाण्याचे मिली लिहा, नाहीतर ‘थोडं पाणी’ म्हणजे किती हे पुढच्या वेळी आठवत नाही. पिंपाचा क्रमांक लिहाच. त्याच डिस्टिलरीचं, त्याच सालचं शेजारचं पिंपही वेगळं निघतं, आणि क्रमांकाशिवायची नोंद पुढे कुणाच्या उपयोगाची नसते. शब्द सुचत नसतील तर १९७९ साली पेंटलँड्स संशोधन केंद्रात तयार झालेलं चवींचं चक्र समोर ठेवता येतं. त्यातला नेमका शब्द सापडलाच पाहिजे असं नाही. कोणत्या घरात आहात एवढं कळलं तरी काम झालं.

पेला लगेच धुऊ नका. रात्रभर तसाच ठेवून सकाळी कोरडा पेला हुंगा. अल्कोहोल उडून गेलेलं असतं. राख, मध, जुनं लाकूड, जे उरलं असेल ते स्वच्छ कळतं. पिंप थकलेलं होतं की जोरात होतं, याची खातरी बरेचदा तिथेच होते.

उघडलेली बाटली किती टिकते? बूच तुटलं तर?

उभी ठेवा, आडवी नाही; जास्त अल्कोहोल बूच खातं. उजेड आणि उष्णतेपासून दूर. अर्ध्याच्या वर भरलेली असेल तर वर्षभर काही बिघडत नाही, उलट पहिल्या एक-दोन महिन्यांत मिटलेली व्हिस्की खुलते. पाव बाटली उरली की हवा जास्त आणि चव सपाट होऊ लागते. अशा वेळी १०० किंवा ५० मिलीच्या काचेच्या बाटल्यांत काठोकाठ भरून घट्ट झाकणं लावा आणि पिंपाचा क्रमांक, टक्के, भरल्याची तारीख चिकटवा.

बूच तुटलं तर तुकडे आत ढकलू नका. वरचा भाग स्क्रूने काढा, व्हिस्की बारीक गाळणीतून स्वच्छ भांड्यात ओता, बाटली विसळून वाळवा आणि जुन्या बाटलीचं धुतलेलं, बिनवासाचं बूच लावा. धुरकट व्हिस्कीचं बूच मात्र दुसऱ्या बाटलीला लावू नका. त्यातला धूर धुऊन जात नाही.